पाठमोरी चाचणी

सातवी पास झालेली पोरं आठवीला सरसकट घ्यायची आणि नावाच्या क्रमानं अ, ब, क, ड अशी वाटून टाकायची, ही माळावरच्या हायस्कुलाची जुनी रीत. त्या जूनात ती मोडली. नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी चाचणी काढली. चाचणीत वर येतील ती पन्नास पोरं अ तुकडीत. त्यांना गणिताचे चांगले मास्तर, सकाळचे जादा तास, दहावीला शाळेचं नाव पेपरात यायची तयारी. उरलेली खाली खाली वाटून द्यायची. ड तुकडी तर सायकल स्टँडशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं मास्तर आला तर आला, नाही तर पोरं आणि पत्रा.

कबनूरच्या त्या माळावर घरागणिक कारखाना. कारखाना म्हणजे काय हो, मालकाच्या घरामागं काढलेली लांबडी शेड, तीत ओळीनं माग, कोपऱ्यात कांडी भरायची मशीन आणि भिंतीला भिंत लावून कामगारांच्या खोल्या. अशाच एका खोलीत रामलिंग राहायचा. तो माग चालवायचा. त्याची बायको महादेवी कांडी भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती मशीनवर गुंडाळून द्यायची. त्यांना एकच पोरगी, विद्याश्री. सातवीला वर्गात दुसरी आलेली. माग चालू झाले की खोलीतली ताटलीसुद्धा फळीवर थरथरायची, आणि रात्रपाळी नसली तरी सकाळी सुरू झालेले माग रात्री जेवणवेळेलाच थांबायचे.

ते वर्ष धंद्याला वाईट गेलं. सूत महागलं आणि कापडाला उठाव राहिला नाही. मालकानं रात्रपाळी बंद केली, चार माग झाकून ठेवले आणि कांडीच्या तीन बायांतली एक कमी केली. कमी झालेली बाई गेली आपल्या गावाला, गडहिंग्लजकडं. तिचं काम राहिलेल्या दोघींच्या, महादेवीच्या आणि ललिताच्या, गळ्यात पडलं. महादेवीचा उजवा खांदा आधीच धरला होता. पोलक्यात हात घालताना ती दातओठ खायची. मालकाचा दिवाणजी हे बघून होता. एकदा रामलिंगला गाठून म्हणाला, "बायकोचा हात उचलंना झालाय तुझ्या. मला माल वेळेवर पायजे. दुसरी बाई बघू काय?"

रात्री भाकरी खाता खाता रामलिंगनं ते सांगितलं. माग थांबले होते, तरी तो ओरडूनच बोलायचा. माळावर सगळेच ओरडून बोलायचे, त्यात नवल नव्हतं.

"पोरगी जोडीला बसली तर मशीन आपल्याच हातात ऱ्हातंय," तो म्हणाला.

"आणि शाळा?"

"चाचणी हाय न्हवं? होऊ दे की. अ मधी आली तर शिकवायची, कायबी होऊ दे. न्हाय आली तर कांडीला बसंल. शाळा काय उगं तपासती व्हय? मालक कापड दिव्यावर धरतोय, तवा डाग दिसतोय का न्हाय? तसंच हाय हे. चांगला माल येगळा निघतोय."

विद्याश्री दोघांच्या तोंडाकडं बघत बसली होती. ती हसली. अ मध्ये आपला नंबर येणार, यात तिला शंका नव्हती. महादेवीलाही नव्हती. खरं सांगायचं तर रामलिंगलाही नव्हती, म्हणूनच तो एवढा बिनधास्त बोलला.

चाचणीच्या दिवशी महादेवीनं तिच्या कपाळाला विभूती लावली आणि वेण्या घट्ट घातल्या. ललिताची शिवानीही त्याच चाचणीला होती. दोघी पोरी हातात हात घालून गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा शिवानी बडबडत होती आणि विद्याश्री गप्प होती.

महादेवीनं मशीनवरूनच हाताच्या पंजानं विचारलं, कसं? विद्याश्रीनं हात आडवा हलवला. बरा गेला म्हणून समज, असा त्याचा अर्थ. शेडमध्ये तोंडानं बोलून उपयोगच नसायचा. मालक आला की ओठावरून बोट फिरवायचं, सूत तुटलं की दोन बोटं झटकायची, चहा आला की अंगठा तोंडाला लावायचा. बाकीचं समोरच्याच्या ओठांवरनं कळायचं. विद्याश्रीला तर पाळण्यात असल्यापासून हीच भाषा. तिची झोळी याच मशीनशेजारी बांधलेली असायची. मागांच्या खडखडाटात पोर निवांत झोपायची, दचकायची म्हणून नाही. महादेवी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "गुणाची हाय बाई माझी पोर. कानाशी माग वाजला तरी उठायची न्हाय."

चार दिवसांनी शाळेच्या भिंतीला कागद चिकटला. ललिता बघून आली. शेडच्या दारातनं आत आली ती खाली बघतच. तिनं महादेवीच्या हाताला धरलं, बाहेर अंगणात आणलं आणि मग बोलली.

"महादेवीक्का, शिवानी अ मधी हाय. शेवटची हाय, पन हाय."

"आणि विद्या?"

ललितानं मान हलवली. "ड मधी."

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं गं. पन्नासात तेरा मार्क हायत."

 मशीनवरच्या कांड्या भरून निघाल्या असतील, एवढंच महादेवीच्या डोक्यात आलं. ती आत गेली, भरलेल्या कांड्या काढल्या, रिकाम्या बसवल्या. संध्याकाळपर्यंत तिनं तेच केलं. ललितानं घरी गोडाचं केलं असणार, पण तिनं ते महादेवीला दिलं नाही आणि महादेवीनंही विचारलं नाही.

रामलिंगनं पोरीला समोर बसवलं. "का गं? अभ्यास केला न्हवतास काय?"

"केलतो, अप्पा."

"मग?"

विद्याश्री खाली बघत राहिली. त्यानं तंबाखूची पुडी काढली. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ठरल्यापरमानं उद्यापासनं आईबरोबर बस." तो चिडला नाही की ओरडला नाही. उठून बाहेर गेला आणि तंबाखू मळत बराच वेळ गटारीच्या कडेला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीपासून विद्याश्री कांडीला बसली. पहिले दोन दिवस सुतानं तिची बोटं कापली. महादेवीनं चिंध्या बांधून दिल्या. तिसऱ्या दिवशी तिनं त्या सोडून टाकल्या, चिंध्यांनी काम अडतं म्हणाली. सकाळी शाळेची पोरं रस्त्यानं जायची तेव्हा ती मशीनकडं तोंड करून बसायची. केसांत, भुवयांवर सुताची कुसं बसायची. संध्याकाळी तोंड धुतलं की नाकातनं पांढरा कापूस निघायचा. जेवायची, भांडी घासायची, झोपायची. रडली नाही. रडली असती तर महादेवीला जवळ तरी घेता आलं असतं. पण पोर नुसती बसायची, आणि आईही नुसती बसायची, आणि दोघींच्या मधनं सूत पळत राहायचं.

त्या दिवसांत दुपारी भारनियमन असायचं. लाईट गेली की माग एकदम थांबायचे आणि शेडमध्ये अशी शांतता व्हायची की आपलेच कान वाजतायत असं वाटायचं. मागवाले बाहेर सावलीला जाऊन बसायचे. एका दुपारी अशीच लाईट गेली. ललिता पाण्याला गेली होती. विद्याश्री पाठ करून बसली होती आणि रिकाम्या कांड्या पेटीत रचत होती. पाण्याचा तांब्या तिच्या पलीकडं होता.

"विद्या, तांब्या दे गं," महादेवी म्हणाली.

पोरगी कांड्या रचतच राहिली.

"विद्या. तांब्या दे म्हनतोय की मी."

फुगलीय, महादेवीला वाटलं. फुगू दे, फुगायचंच की. पण घसा कोरडा पडला होता आणि खांदा ठणकत होता. तिला राग आला. ती मोठ्यानं बोलली, एवढ्या मोठ्यानं की दारातला रामलिंग वळला, त्याच्याजवळ बसलेला म्हातारा मागवाला केरबाही वळला. विद्याश्री वळली नाही. तिची पाठ हलली नाही, मान हलली नाही, कांड्या रचायचा हातसुद्धा अडला नाही.

महादेवी उठली. पोरीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिच्या डोक्यावरनं हळू म्हणाली, "विद्या. माझी बाय." काही नाही. मग ती फिरून पुढं गेली आणि पोरीच्या समोर बसली. विद्याश्रीनं वर बघितलं. महादेवीनं नुसते ओठ हलवले. घशातनं आवाज काढलाच नाही. तांब्या दे.

विद्याश्रीनं लगेच हात लांब करून तांब्या दिला.

महादेवी पाणी प्यायची विसरली. तांब्या मांडीवर घेऊन ती तशीच बसली. दारातनं रामलिंग बघत होता. त्याला कळलं की नाही कोण जाणे. तो तिथनं हलला नाही.

"मागनं बोललं तर ऐकू येतंय का तुला?" महादेवीनं विचारलं.

"मागनं कसं ऐकू येणार?" विद्याश्री म्हणाली. "तोंड बघितल्याबिगर कुनाला ऐकू येतंय?"

पोरीला खरंच तसं वाटत होतं. शेडमध्ये सगळी माणसं तोंडाकडं बघूनच ऐकायची. सातवीपर्यंतच्या शाळेत बाई फळ्यापाशी उभ्या राहून, पोरांकडं तोंड करून शिकवायच्या आणि सगळं फळ्यावर लिहायच्या. ही पहिल्या बाकावर.

"आणि चाचणीला काय झालं?"

"सर प्रश्न सांगत हुते. लिहिलेला पेपरच न्हवता, अव्वा. पयले काय पुढं उभं ऱ्हाऊन सांगितले. ते मी सगळे लिवले. मग सर फिराय लागले. मागच्या बाजूला गेले. मी वळून बघाय लागलो तर म्हनाले, बघाबघी न्हाय करायची, म्होरं बघ. मग मी म्होरं बघितलं."

"सांगितलं का न्हाईस गं?"

"काय सांगू?" विद्याश्री म्हणाली. तेवढ्यात लाईट आली आणि माग धडाडले.

दुसऱ्या दिवशी महादेवीनं सुट्टी मागितली. दिवाणजीनं तोंड वाकडं केलं, पण दिली. तिनं केसांतली कुसं झटकली, धुतलेलं लुगडं नेसली आणि पोरीला घेऊन हायस्कुलात गेली. ज्यांनी चाचणी घेतली ते जोतीराम सर व्हरांड्यातच भेटले. तरणा माणूस, मनानं बरा. महादेवीचं सगळं ऐकून घेतलं.

"गेल्या वर्षी एका परीक्षेचा पेपर छापखान्यातनंच बाहेर गेल्ता," ते म्हणाले. "म्हणून हेडमास्तर म्हणाले, तोंडी सांगा. आणि फिरत फिरत सांगा, म्हणजे बघाबघी होत नाही."  मग आत जाऊन प्रश्नांचा कागद घेऊन आले. विद्याश्रीला समोर उभं केलं आणि एकेक प्रश्न विचारायला लागले. ती त्यांच्या तोंडाकडं बघायची आणि उत्तर सांगायची. टक्केवारीच्या उदाहरणाला तेवढा तिनं बोटानं हवेत हिशेब मांडला. अर्ध्यावर सरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

"चला," ते म्हणाले.

हेडमास्तर खुर्चीत बसून सह्या करत होते. त्यांनी मायलेकींना बसा म्हटलं नाही, पण हाकललंही नाही. जोतीराम सर बोलले तेवढं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, वाईट वाटलं मला. मिरजेला कानाचा डॉक्टर दाखवा. पण अ तुकडीचं म्हणाल, तर तिथं वेग असतो. मास्तर लिहितो कमी, बोलतो जास्त. ऐकूच येत नाही, तर हिचा टिकाव लागणार कसा? टिकतील ती पोरं निवडायची, त्यासाठीच तर चाचणी घेतली."

"पयल्या बाकावर बसवा की, सर. बघून कळतंय तिला समदं."

"आज कळतंय. पुढं?"

"चाचणी गणिताची हुती न्हवं, सर? कानाची न्हवती की."

हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला चार शब्द जास्त बोलता आले असते. "हे बघा," ते म्हणाले, "पन्नास बाकं, पन्नास पोरं. हिला बसवायचं तर एकाला उठवायला पाहिजे. शेवटचा नंबर कुणाचा हो, जोतीराम?"

जोतीराम सर खाली बघायला लागले.

"सांगा की."

"शिवानी भाऊसो कांबळे."

"बोला, बाई. तिला काढतो, हिला घेतो. तुम्ही म्हणा, मी लगेच शिपाई पाठवतो."

महादेवीच्या डोळ्यांसमोर ललिता उभी राहिली, दारातनं खाली बघत आत येणारी. खांदा दुखायला लागल्यापासून वरच्या फळीवरचं सूत ललिताच काढून द्यायची, न सांगता. आणि कांबळे हे आडनाव ऐकल्यावर हा माणूस असा बोलत होता, की जणू तिथनं एक पोर उठवणं काहीच नाही. बाकीच्या एकोणपन्नासांतल्या कुणाला त्यानं असं उठवलं असतं काय, असं तिच्या मनात आलं.  शिपाई दारात येऊन उभाच राहिला होता.

"ऱ्हाऊ दे, सर," ती म्हणाली.

"विचार करून सांगा."

"न्हाय. ऱ्हाऊ दे."

गेटपर्यंत जोतीराम सर सोबत आले. "ड मध्ये तरी पाठवा तिला, वहिनी," म्हणाले. "मी लक्ष ठेवीन." महादेवीनं मान हलवली. पत्र्याच्या शेडवरनं जाताना आत पोरांचा गोंगाट चालला होता आणि मास्तर कुठं दिसत नव्हता.

ओढ्याच्या पुलावर विद्याश्रीनं आईचं बोट धरलं. केव्हाची सोडून दिलेली सवय.

"टिकनार न्हाय म्हनाले मला," ती म्हणाली.

"कोन म्हनलं तुला?"

"दिसलं की मला, अव्वा. आणि शिवानीचं नाव का घेतलं?"

"उगंच," महादेवी म्हणाली. ती थांबली, पोरीच्या समोर तोंड केलं आणि नीट ओठ हलवून बोलली. "ललिताला यातलं कायबी सांगायचं न्हाय. कळलं?"

विद्याश्रीनं मान हलवली.

रामलिंगला तिनं रात्री सगळं सांगितलं, शिवानीचं तेवढं सोडून. त्याला दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर तो पोरीकडं बघत राहिला. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. त्यानं तिला हाक मारली. मग आणखी मोठ्यानं मारली. मग स्वतःच्या कानात बोट घालून उगाच हलवलं.

"झोळी कुनी बांधलीती तितं?" तो म्हणाला.

"मी," महादेवी म्हणाली. "दुसरीकडं कुठं बांधनार हुतो?"

 "मिरजेला दिवाळीच्या सुट्टीत जाऊ," तो म्हणाला. जोतीराम सरांचा निरोप तिनं सांगितला, तर म्हणाला, "पत्र्यात बसून काय शिकनार? हितं तरी मशीन हाय." महादेवीनं वाद घातला नाही. तिला वाद घालायचा होता, पण तो सुरू कुठनं करायचा ते कळंना. तिनं दिवा मालवला आणि आडवी झाली. माग बंद होते, तरी कानात चालूच होते.

पंचमी झाली. महादेवीचा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून वरची कामं विद्याश्रीच करायची. ललिताची शिवानी सकाळी नवीन दप्तर घेऊन शेडच्या दारात उभी राहायची, विद्याश्रीला हात करायची. विद्याश्रीही हात करायची. मग शिवानी जादा तासाला जायची. ललिता एकदा म्हणाली, "तुझ्या विद्याचा नंबर यायला पायजे हुता गं. मला पटतच न्हाय बघ." महादेवीनं तिच्याकडं बघितलं आणि खाली पडलेली कांडी उचलली.

एका सकाळी दिवाणजी कांडीच्या मशीनपाशी आला. पोरगी ठेवायची की दुसरी बाई आणायची, ते त्याला ठरवायचं होतं. त्यानं महादेवीला बाहेर बोलावलं नाही, तिच्या कानाशी तोंड आणून ओरडला, "बघू कसं भरती." मग तो विद्याश्रीच्या मागं जाऊन उभा राहिला. तिला पत्ताच नव्हता. एका हातानं भरलेली कांडी काढायची, दुसऱ्या हातानं रिकामी बसवायची, सूत अडकवायचं, पुढच्या कांडीवर जायचं. कुठं सूत तुटलं तर तिला आधी दिसायचं, मशीन थांबायच्या आधी तिचा हात तिथं असायचा. दिवाणजीनं पेटीतली एक कांडी उचलली आणि अंगठ्यानं दाबून बघितली. कांडी ढिली असली की अंगठा रुततो, मागावर सूत ढासळतं. अंगठा रुतला नाही. त्यानं दुसरी उचलली, मग तळातली एक काढून तीही दाबली.

महादेवीला राहवलं नाही. उद्या कळलं तर फसवलं म्हणेल, असं वाटून ती त्याच्या कानाशी ओरडली, "दिवाणजी, तिला ऐकाय येत न्हाय."

दिवाणजी हसला. त्यानं हात फिरवून अख्खी शेड दाखवली. "हितं कुनाला येतंय?" तो ओरडला. "कांडीला कान कशाला पायजे?"

मग तो फिरून पोरीच्या पुढं आला. तिनं वर बघितलं. त्यानं हातातली कांडी तिला दाखवली, अंगठा दाबून दाखवला आणि तिच्या तोंडासमोर तोंड धरून, सावकाश, नीट ओठ उघडून म्हणाला, "हुशार हाईस की गं. ऱ्हा हितंच."

एकही शब्द तिचा चुकला नाही. जूनपासून पहिल्यांदाच विद्याश्रीचा चेहरा फुलला. ती आईकडं वळली, भुवयांवर कुसं, आणि एवढ्या आवाजातही ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं ओरडली,

"अव्वा! हुशार म्हनाले मला!"

महादेवीनं मान हलवली. हसायला पाहिजे होतं म्हणून हसली. पोर तिच्याच तोंडाकडं बघत होती, त्यामुळं ती ते हसू पुसू शकली नाही. ते तसंच धरून ती पोर पुन्हा मशीनकडं वळायची वाट बघत राहिली.